जुनं स्वस्तातलं इंजिन: आधी जाडी उतरवा, मग भर घाला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मामांनी १९८०च्या दशकात मस्कतहून आणलेलं एचओ स्केलचं, म्हणजे टेबलावर चालवायच्या मॉडेल रेल्वेचं, डिझेल इंजिन नेरूळच्या घरी माळ्यावर सापडलं. अमेरिकन नमुना, तीन-तीन ॲक्सलच्या दोन बोगी (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, खालची चाकांची चौकट), लाल-पिवळा रंग, हाताला धरायचे दांडे प्लास्टिकच्या बॉडीतच ओतलेले. ट्रॅकवर ठेवलं की अडखळत चालतं. लहानपणी दिवा स्टेशनात पाहिलेल्या भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनासारखं ते करायचं आहे. परदेशातून सुटे भाग मागवावेत तर ते इंजिनापेक्षा महाग पडतात. तेव्हा घरच्या घरी काय काय बनवता येईल, आणि एवढा खटाटोप करण्यासारखा आहे का?

मी कळव्यात राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये (साचे-हत्यारं बनवायच्या विभागात) एकतीस वर्षं काढली, आणि त्यातली वीसेक वर्षं संध्याकाळी हाच उद्योग केला. त्यामुळे उत्तर टूलरूमवाल्याचं आहे: आधी माप, मग कानस. ठाण्याचा माणूस रेल्वेवर बोलायला लागला की १६ एप्रिल १८५३ पासून, म्हणजे पहिल्या मुंबई-ठाणे गाडीपासून, सुरुवात करतो. तेवढा तुमचा वेळ मी खात नाही.

तुम्ही इंजिनात काय नाही त्याची यादी केली आहे. हॉर्न नाहीत, वायपर नाहीत, बफर (टोकाला धक्का झेलणाऱ्या गोल चकत्या) नाहीत, होजपाइप नाहीत, अशा चौदा वस्तू. ती यादी चार दिवस बाजूला ठेवा. तुमच्या फोटोंमध्ये मला वेगळीच गोष्ट खटकली. स्वस्तातलं मॉडेल स्वस्त दिसतं ते त्याच्यावर वस्तू कमी आहेत म्हणून नाही. आहेत त्या जाड आहेत म्हणून. एचओ म्हणजे १:८७. कुठलंही माप घ्या आणि ८७ने गुणा. तुमच्या इंजिनाच्या नाकावरचे दांडे मला मिलिमीटरभर जाड दिसतात, म्हणजे खऱ्या इंजिनावर ८७ मिलिमीटर. तो दांडा नव्हे, मांडवाचा बांबू झाला. ड्रायव्हरच्या खिडकीभोवतीची भिंत दीड मिलिमीटर असेल तर खरी १३० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या विटेची भिंत. डोळा गुणाकार करत नाही, पण त्याला खोट लगेच कळते. अशा बॉडीवर चौदा बारीक वस्तू लावल्या तर त्या आधीच्या जाडपणाची चुगली करतील. मी पहिल्या इंजिनावर नेमकं हेच केलं होतं. हॉर्न इतके सुबक झाले की बाकीचं सगळं खेळणं दिसायला लागलं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आधी बोलून घेऊ, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पहिली गोष्ट, मामांना विचारलंत का? इंजिनाचं मूळ खोकं, आतला कागद, सगळं शाबूत असेल तर काही लोक अशा वस्तू आहेत तशाच जपतात, आणि एकदा कानस फिरली की मागे येता येत नाही. दुसरी गोष्ट लांबीची. व्हर्नियर नसेल तर स्टीलची पट्टी घ्या. डब्ल्यूडीएम-२ची लांबी १७.१२ मीटर, म्हणजे १:८७ला साधारण १९७ मिलिमीटर. तुमचं इंजिन २०० ते २१०च्या आसपास भरलं तर डोळा माफ करेल. २४० भरलं तर ते अमेरिकेतलं लांब मालगाडीचं इंजिन आहे, आणि त्याला डब्ल्यूडीएम-२ म्हणवणं म्हणजे उंटाला घोड्याचं खोगीर घालणं. मग मी तरी त्याच्यावर दुसऱ्या इंजिनाचं नाव घालणार नाही. "आपल्याकडे असं एखादं असतं तर" अशा कल्पनेचं इंजिन करेन. त्यातही मजा आहे. बॉडी कापून मधले चाळीस मिलिमीटर काढता येतात, पण मग आतली चेसिसही कापावी लागते. पहिल्या कामाला ते नको.

तिसरी गोष्ट रुळांची. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ला तो १९.२६ येतो, आणि तुमचं इंजिन चालतं १६.५ मिलिमीटरच्या ट्रॅकवर, जे परदेशातल्या १४३५च्या गेजचं माप आहे. म्हणजे समोरून पाहिलं की चाकं आत घेतल्यासारखी दिसणार. यावर सोपा इलाज नाही. मीही तसंच चालवतो. बाजूने पाहताना कळत नाही, आणि समोरून पाहणाऱ्याचं लक्ष बफरकडे जावं अशी सोय आपण करणार आहोत.

आता कामाकडे. पहिले दोन रविवार बॉडीला हात लावायचा नाही. अडखळणारं इंजिन कितीही सजवलं तरी दोनदा चालवून कपाटात जातं. बॉडी काढा, आणि काढताना कुठली वायर किंवा पट्टी कुठे जाते याचा मोबाइलवर फोटो घ्या. त्या काळच्या बऱ्याच इंजिनांत एका रुळाकडचा करंट बोगीतून थेट धातूच्या चेसिसमध्ये जातो आणि दुसरा एका उघड्या पट्टीतून मोटरच्या माथ्यावर येतो. चाळीस वर्षांत ही टेकणारी ठिकाणं काळी पडतात. मोटर बिचारी धडधाकट असते, तिच्यापर्यंत वीजच पोचत नाही. नऊ व्होल्टची बॅटरी थेट मोटरच्या दोन टोकांना लावून बघा. फिरली तर दोष वाटेत आहे. टेकणारी प्रत्येक जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि शक्य तिथे नुसत्या टेकण्यावर न ठेवता मऊ वायर सोल्डरचा डाग देऊन जोडा. माझ्या अनुभवात निम्मं अडखळणं एवढ्यावर जातं.

उरलेलं निम्मं जुन्या ग्रीसमुळे. ते वाळून मेणासारखं होतं. बोगी उघडा, गिअर काढून धुवा, दाते मोजत बघा. एखादा गिअर ॲक्सलपाशी तडकलेला असेल तर इंजिन दर फेरीला एक उचकी देतं. उचकी ठरावीक अंतराने येत असेल तर विजेचा नाद सोडा आणि गिअर तपासा. कम्युटेटर (मोटरच्या दांड्यावरचा तांब्याचा गोल, ज्याला कार्बनचे ब्रश टेकतात) टूथपिकच्या टोकाला कापूस गुंडाळून पुसा. मग शिलाई मशीनचं तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच, फक्त बेअरिंगला. जास्त तेल कम्युटेटरवर गेलं की कार्बनच्या भुकटीशी मिसळून काळं खळगूट होतं आणि आपण पुन्हा पहिल्या रविवारी. इंजिन हलकं असेल तर टायरच्या दुकानात चाक बॅलन्स करायला चिकटवतात ती पाच-पाच ग्रॅमची वजनं मिळतात. दोन्ही बोगींवर सारखी वाटून आतून चिकटवा. ती शिशाची असली तर नंतर हात धुवा.

इंजिन मुंगीच्या चालीने, न थांबता ट्रॅकची एक फेरी मारू लागलं की मग बॉडी हातात घ्या.

बॉडीचा जुना रंग काढायला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, प्लास्टिक विरघळतं. मी ब्रेक ऑइल वापरतो. आधी बॉडीच्या आतल्या कोपऱ्यात थेंब टाकून रात्रभर ठेवा. प्लास्टिक चिकट किंवा ठिसूळ झालं नाही तर हातमोजे घालून बॉडी बुडवा. दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशने रंग सुटतो. मग भांड्याच्या साबणाने स्वच्छ धुवा.

आता उतरवायचं काम. ओतलेले दांडे तासून काढायचे. नवीन ब्लेडचं पातं बॉडीवर जवळजवळ आडवं ठेवा आणि दांड्याचा पापुद्रा-पापुद्रा काढा. एका घावात उडवायला गेलात तर पातं खाली घुसतं आणि खड्डा भरत बसावं लागतं. शेवटचा दहावा भाग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून. पॉलिश पेपर बोटाने न घासता आइस्क्रीमच्या काडीला चिकटवून घासा, नाहीतर सपाट जागेला पोट येतं.

खिडक्यांचं काम मात्र सावकाश करा. माझ्या मते अख्ख्या इंजिनात सगळ्यात जास्त फळ देणारं काम हेच, आणि याला एक पैशाचाही माल लागत नाही. भिंत दीड मिलिमीटर जाड आहे, ती अख्खी पातळ करता येत नाही. पण बघणाऱ्याला भिंत दिसते कुठे? फक्त खिडकीच्या कडेला. म्हणून बॉडी उलटी धरा आणि आतल्या बाजूने, प्रत्येक खिडकीच्या चारी कडांना त्रिकोणी नीडल फाइलने उतार द्या, दरवाजाच्या चौकटीला सुतार रंध्याने देतो तसा. उतार बाहेरच्या कडेपर्यंत आणायचा पण कड मोडायची नाही. तिथे कागदाएवढी, पाव मिलिमीटर जाडी ठेवायची. उजेडासमोर धरत राहा. कड जशी पातळ होते तसं प्लास्टिक त्या जागी दुधी, मग किंचित पारदर्शक दिसायला लागतं. तो रंग दिसला की थांबा. चारही खिडक्या झाल्या की बाहेरून बघा. इंजिनाला काहीही लावलेलं नसताना ते एकदम पत्र्याचं वाटायला लागतं. काचेसाठी जुनी पारदर्शक ओएचपी शीट कापून आतून बसवा, आणि ती फेव्हिकॉलने चिकटवा, वाळला की दिसत नाही. झटपट गोंदाची वाफ काचेवर पांढरी साय धरते. एकदा धरली की ती काच फेकूनच द्यावी लागते.

आता दांडे. खऱ्या इंजिनावर मुठीत धरायची नळी तीस-बत्तीस मिलिमीटरची धरा. भागिले ८७, म्हणजे ०.३५ ते ०.३७. मोटर वायंडिंगवाल्याकडे २८ गेजची तांब्याची तार मिळते, ती ०.३७६ मिलिमीटर. वागळे इस्टेटमध्ये माझा नेहमीचा वायंडिंगवाला मला ती मूठभर देतो आणि पैसे घेत नाही. तुमच्याकडे तुर्भ्याच्या बाजूला असा कोणी सापडेलच. तार गुंडाळीतून सुटते तेव्हा नागमोडी असते. एक टोक व्हाइसमध्ये पकडा, दुसरं पक्कडमध्ये, आणि एकदम झटका न देता ओढा. तार किंचित लांबते, हाताला ते "सुटल्यासारखं" कळतं, आणि ती सरळ होते, शिवाय कडकही होते. वरचं लाखेचं आवरण पॉलिश पेपरने खरवडून टाका, नाहीतर रंगही धरत नाही आणि डागही. लांब, सरळ दांड्यांसाठी मी गिटारची बारीक पोलादी तार वापरतो, ०.०१४ इंचाची, म्हणजे ०.३६ मिलिमीटर. ती बोट लागलं तरी वाकत नाही. मात्र साध्या वायर कटरने कापू नका, कटरच्या धारेला दात पडतो. माझ्या कटरला आहे.

भोकं पाडायला ०.४ मिलिमीटरचं ड्रिल आणि हाताने फिरवायचा पिन व्हाइस. सर्किट बोर्डची कार्बाइड ड्रिलं लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतात, पण ती हात जरा तिरका झाला की तुटतात. साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) ड्रिल मिळालं तर ते घ्या. भोकाच्या जागा थेट बॉडीवर आखू नका. मास्किंग टेपच्या पट्टीवर मापाने खुणा करा, पट्टी चिकटवा, आणि प्रत्येक खुणेवर आधी सुईने टोचा. ड्रिलला बसायला खळी मिळाली की ते घसरत नाही. दुसऱ्या बाजूला हीच मापं आरशासारखी उलटवून वापरा. दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर नसली तर वरून बघताना कळतं.

सगळे दांडे एकसारखे वाकवायला ॲल्युमिनियमच्या पट्टीला हव्या त्या रुंदीपर्यंत कानस मारून घ्या. तिच्यावर तार ठेवून दोन्ही बाजू अंगठ्याने खाली दाबल्या की यू आकार तयार. पंधरा वाकवा, दहा चांगले निवडा. आता त्यांची भिंतीपासूनची फट. ही प्रत्येकाची वेगवेगळी झाली की सगळी मेहनत वाया. जुनं, बाद झालेलं एटीएम कार्ड घ्या. ते ०.७६ मिलिमीटर जाड असतं. ८७ने गुणा: ६६ मिलिमीटर. माणसाच्या हाताची बोटं आत जातील एवढी फट. कार्डाच्या पातळ पट्ट्या कापा, दांडा भोकांत घाला, खाली पट्टी सरकवा, दांडा पट्टीवर टेकेपर्यंत दाबा, आणि आतल्या बाजूने निघालेल्या टोकाला गोंदाचा थेंब लावा. वाळल्यावर पट्टी ओढून काढा. बाहेरून गोंद लावायचा मोह होतो. लावलात तर दांड्याच्या मुळाशी जो फुगा दिसतो तो नंतर कुठल्याही कानशीने जात नाही.

एक महत्त्वाची गोष्ट: दांडे कुठे लावायचे ते माझ्या किंवा आणखी कोणाच्या सांगण्यावरून ठरवू नका. एक फोटो निवडा. एकाच इंजिनाचा, एकाच वर्षाचा. डब्ल्यूडीएम-२ १९६२मध्ये अमेरिकेतल्या आल्को कंपनीकडून आलं, १९६४पासून बनारसच्या कारखान्यात बनायला लागलं, आणि पुढे कित्येक वर्षं बनतच राहिलं. त्यामुळे "डब्ल्यूडीएम-२ असं दिसतं" याला फारसा अर्थ नाही. काहींचं पुढचं हूड (केबिनला लागून असलेला पेटीसारखा भाग) बुटकं आणि काचा मोठ्या, त्यांना जंबो म्हणतात. काहींना मागाहून एअर ब्रेक बसवले, ते डब्ल्यूडीएम-२ए झालं आणि बफर बीमवरच्या नळ्यांची संख्या बदलली. शेडमध्ये दुरुस्तीला गेलेलं इंजिन कधी दांडा बदलून येतं, कधी दिवा. तुमच्या अमेरिकन बॉडीवर बाजूच्या पायवाटेला बाहेरून कठडा आहे. तो तुमच्या फोटोत कुठे आहे, बाहेरच्या कडेला की हूडच्या भिंतीलगत, हे बघून मगच तार कापा.

उरलेल्या वस्तू मी भराभर सांगतो, कारण हात बसला की त्या आपोआप जमतात.

बफर: चपलेला मारायच्या चुका घ्या, रुंद डोक्याच्या. चूक ड्रिल मशीनमध्ये धरा, मशीन फिरत असताना डोक्याला कानस लावा, गोल सपाट चकती होते. (नवीन माणसाला हे सांगितलं की तो हमखास विचारतो, "काका, चूक कुठे मारायची?") दोन बफरमधलं अंतर आपल्याकडे १९५६ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर साडेबावीस. हे अंतर बिनचूक ठेवा. अमेरिकन इंजिनाला बाजूचे बफर नसतातच, त्यामुळे ही एक जोडी लागली की इंजिन देश बदलतं. समोरून चाकं आत गेलेली दिसू नयेत ही सोय म्हटली ती हीच.

हॉर्न: संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचं पितळी टोक, त्याच्या मागे इंजेक्शनच्या सुईचा तुकडा. सुई न वापरलेली, मेडिकलच्या दुकानातून आणलेली. काळ्या टोपीची २२ नंबरची घ्या, ती ०.७ मिलिमीटरची येते. कापताना पोकळ नळी दाबली जाते, म्हणून कटरने न कापता कानशीच्या कडेने गोल खाच करून मोडा.

रेडिएटरची जाळी: चहाच्या स्टीलच्या गाळणीची. नवीन आणा, वापरलेल्या गाळणीच्या तेलकटपणावर रंग टिकत नाही. ओतलेली जाळी आधी आतून कोरून काढून आत काळा रंग द्या, मग वर जाळी. नुसती ओतलेल्या जाळीवर जाळी चिकटवू नका, ती गोधडीवर शिवलेल्या ठिगळासारखी दिसते.

बिजागऱ्या, दरवाजांच्या पट्ट्या, खिडकीवरची पावसाची पन्हळ: साधा झेरॉक्सचा कागद. तो ०.१ मिलिमीटर, म्हणजे खरा नऊ मिलिमीटरचा पत्रा. लग्नाच्या पत्रिकेचा जाड कागद वापरायचा मोह टाळा. तो गुणून बघा म्हणजे कळेल. कागद कापल्यावर कडांना झटपट गोंद पाजा, तो प्लास्टिकसारखा कडक होतो आणि घासता येतो.

वायपर: ३६ गेजची तार, हातोडीने हलकेच चपटी केलेली. होजपाइप: सोल्डरची बारीक तार, ती वाकवाल तशी राहते.

दिवा: जुना बल्ब काढा, त्याच्या उष्णतेने बॉडी आतून पिवळी पडते. तीन मिलिमीटरचा वॉर्म व्हाइट एलईडी, एक किलोओमचा रेझिस्टर. बारा व्होल्टला साधारण नऊ मिलिअँपिअर जातात, पुरे झाले. डीसीवर इंजिन उलटं फिरवलं की विजेची दिशाही उलटते आणि एलईडीला उलटा दाब सोसत नाही, म्हणून सोबत एक १एन४१४८ डायोड लावा. मग पुढे जाताना पुढचा दिवा, मागे जाताना मागचा, हे आपोआप होतं. बॉडीला आतून दिव्याभोवती काळा रंग द्या, नाहीतर अख्खं नाक कंदिलासारखं उजळतं.

बोगींच्या बाजूच्या चौकटी तशाच राहू द्या. आल्कोच्या बोगीत मधलं चाक बरोबर मध्ये नसतं, एका बाजूला सरकलेलं असतं, आणि तुमच्या बोगीत ती अंतरं जुळणार नाहीत. सावलीत असतात, गडद रंग द्या आणि पुढे चला. सगळं जुळवायला गेलेली तीन इंजिनं मी लोकांच्या घरी बॉक्समध्ये अर्धवट पाहिली आहेत.

इथपर्यंतचा क्रम पुन्हा एकदा, कारण तो चुकला की काम दुप्पट होतं: चालतं करा, रंग उतरवा, जाडी तासा, खिडक्या पातळ करा, सगळी भोकं पाडा, मग वस्तू लावा. काच मात्र रंगानंतर.

रंगाबद्दल माझी फजिती सांगतो. पहिल्या इंजिनाला मी घाईघाईने जुलैत रंग दिला. गणपतीआधी पूर्ण करायचं होतं. कळव्याच्या गॅलरीत उभा राहून गाडीला मारायचा लॅकरचा स्प्रे मारला. बाहेर पाऊस उभा. दहा मिनिटांत निळा रंग दह्यासारखा पांढरा पडायला लागला. मला वाटलं डबा खराब निघाला, म्हणून दुसरा आणला, तोही तसाच. कंपनीतल्या पेंटरला दाखवलं तर तो हसला. थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्याच्यावर धरतं आणि रंगात अडकतं. डब्याचा काही दोष नव्हता, दोष पंचांगाचा होता. तो सगळा रंग पुन्हा ब्रेक ऑइलमध्ये गेला, आणि तिथे चार बारीक दांडेही निखळले. तेव्हापासून स्प्रे फक्त दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, दुपारी, आणि पावसाळ्यात नुसती कानस-ड्रिलची कामं. नेरूळला खाडीचा वारा आहे, तुमच्याकडे दमटपणा माझ्याहून कमी नसणार. पावसात रंग द्यायचाच असेल तर ॲक्रिलिक, ब्रशने किंवा एअरब्रशने, पातळ तीन हात.

आधी करडा प्रायमर मारा. तो मारला की आपण काय गोंधळ घातलाय ते सगळं दिसतं: गोंदाचे फुगे, पॉलिश पेपरच्या रेघा. हिरमोड करून घेऊ नका, तो दिसावा म्हणूनच प्रायमर असतो. पुन्हा घासा, पुन्हा मारा.

मळ चढवताना दुकानी पावडरींची गरज नाही. आल्को इंजिनं काळ्या धुरासाठी कुप्रसिद्ध. ड्रायव्हरने नॉच (इंजिनाच्या जोराचा टप्पा) वाढवला की डिझेल आधी वाढतं आणि टर्बोचार्जरची हवा मागाहून येते, तेवढा वेळ अर्धवट जळलेला धूर बाहेर पडतो. म्हणून काजळी फक्त धुराड्याभोवती आणि त्याच्या मागच्या छपरावर येते, सगळ्या अंगभर नाही. पणतीवर वाटी धरून धरलेली काजळी कोरड्या ब्रशने लावा, थोडी. बोगींवर ब्रेकच्या लोखंडाचा तांबूस धुरळा, त्याला कुंडी रंगवायचा गेरू चालतो. दोन्हींवर मॅट लॅकरचा अगदी हलका फवारा, नाहीतर इंजिन उचललं की बोटं काळी. तोही दिवाळीनंतरच.

करण्यासारखं आहे का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. मालाचा खर्च म्हणाल तर तार, सुया, गाळणी, प्रायमर, डायोड मिळून हॉटेलातल्या एका जेवणाएवढा. वेळ मात्र माझ्या पहिल्या इंजिनाला आठ महिने लागले, आणि त्यातले दोन त्या जुलैने खाल्ले. तुमचा हेतू विकायचा असेल तर करू नका, कानस लागलेल्या जुन्या इंजिनाला सहसा भाव येत नाही. दिव्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून पाहिलेलं इंजिन टेबलावर बघायचं असेल तर करा.

नंबर कुठला घालायचा हेही विचारलंत. इंटरनेटवर सापडलेला सुंदर फोटो बाजूला ठेवा. तुमच्या घरी दिवा स्टेशनातला एखादा जुना फोटो असेल, मागे इंजिन आणि पुढे कोणीतरी उभं, तर त्या इंजिनाचा नंबर घाला. पाचातले दोन आकडे माणसाच्या खांद्यामागे झाकले गेले असतील तर मामांना विचारा, कदाचित त्यांच्याकडे त्याच दिवसाचा दुसरा फोटो असेल. आकडे डेकल पेपरवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पारदर्शक कागदावर) छापून आणा. घरच्या इंकजेट प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे पांढरे आकडे हवे असतील तर त्या जागी आधी पांढरा रंग द्या, आणि ज्या रंगावर आकडे बसणार तो रंग डेकलवर छापून आकडे कोरे सोडा. हे मला तिसऱ्या प्रयत्नात कळलं.